गाडीखाली अहो-जाहो

तळकाकांची ओळख पायांकडून होते. मी गॅरेजमध्ये कामाला लागले त्या दिवशी मला फक्त त्यांचे बूट दिसले. एका बसक्या निळ्या गाडीखालून बाहेर आलेले. टाचा झिजलेल्या, नाड्या दुहेरी बांधलेल्या.

"हे आमचे काका," मिस्त्री म्हणाले. "उरलेले आत आहेत."

"कोण आलंय रे?" गाडीखालून आवाज आला.

"ऑफिसात नवीन मुलगी आलीय. साहित्य शिकलीय म्हणे."

"मग इथे काय करतेय?"

"तेच आम्ही विचारतोय."

बूट हलले. काका हसले की त्यांचे पाय हलतात, हे मला नंतर कळलं.

आमच्या गॅरेजमध्ये महागड्या गाड्या येतात. दुरुस्तीपेक्षा निगा राखण्यासाठी जास्त. कुणी रंगाला चकाकी आणतं, कुणी आतली चामड्याची आसनं पुसतं. काका गाडीचा तळ साफ करतात. गाडीच्या मालकाला जे कधी दिसत नाही, ते सगळं काकांचं. म्हणून ते तळकाका. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'लायब्ररी' करून टाकलं.

आमचे डबे एकाच बाकावर उघडायचे. वयात एका पिढीचं अंतर. तरी मैत्री झाली. कशी ते सांगता येत नाही.

"काय गं लायब्ररी, आज काय वाचलंस?"

"गाड्यांचे नंबर."

"गोष्ट बरी आहे का?"

"पात्रं फार आहेत."

बूट हलायचे.

बसक्या, वेगाच्या गाड्या फक्त काकांकडे जायच्या. "या गाड्यांना पोट नसतं," ते म्हणायचे. "नुसती पाठ. आणि पाठीखाली जमीन." या गाड्या इतक्या खाली असतात की साधा जॅकसुद्धा आत सरकत नाही. म्हणून काका आधी चाकांपुढे लाकडी फळ्या टाकायचे. गाडी हळूच फळ्यांवर चढवायची. मग चाकांना ठोकळे लावायचे. मग गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात.

"गाडीचा मालक येऊ दे, मालकाचा बाप येऊ दे," ते खिशावर थाप मारून म्हणायचे. "मी बाहेर आल्याशिवाय ही बाहेर येणार नाही."

त्यानंतर सायलेन्सरजवळ हात न्यायचा. लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळाजवळ नेतात तसा. धग लागली तर थांबायचं. आमच्या गॅरेजमध्ये चहा फार होतो तो गरम सायलेन्सरांमुळे.

मग जॅक. कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. गाडी उचलली की तिच्याखाली घोड्या. घोडी म्हणजे लोखंडी तिवई, डोक्यावर रबर बसवलेली. मग जॅकचं हँडल फिरवून गाडी हळूहळू खाली आणायची, ती सगळी घोड्यांवर बसेपर्यंत. याला जॅक सोडणं म्हणतात. वजन घोड्यांवर बसलं की काका गाडीला कमरेने धक्का द्यायचे.

"पडायची असलीस तर आत्ता पड, बाई," ते गाडीला म्हणायचे. "नंतर नको."

ती पडायची नाही. मग काका डोळ्यांवर चष्मा चढवायचे, हातात मोजे घालायचे आणि पाठीवर झोपून आत सरकायचे. तोवर बोटाचं टोकसुद्धा गाडीखाली घालायचे नाहीत. ब्रश हातातून निसटून आत गेला तरी तिथेच राहायचा.

धुण्याचीही घाई नाही. आधी कोरड्या ब्रशने चिखल सोडवायचा. मग पाणी, तेही लांबून आणि मंद. वायरींवर नाही, सांध्यांवर नाही. "जोरात पाणी मारलं की चिखल बाहेर येतो आणि पाणी आत राहतं," ते म्हणायचे. "मग गंज. मालकाला वाटतं, काय लख्ख धुतलीय." शेवटी हवा मारून सगळं कोरडं करायचं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"वाटते की. म्हणून तर एवढे सोपस्कार. मी भित्रा माणूस आहे गं. शूर माणसं या कामात टिकत नाहीत."

काकांची सुरुवात बसच्या आगारात झाली. तरुणपणी ते खड्ड्यात उभं राहून बसचे तळ धुवायचे. डोक्यावर बस, पायाशी गाळ. आगाराच्या कँटीनमध्ये एक मुलगी चहा ओतायची. ती त्यांची बायको झाली. लेक शाळेत जायला लागली आणि बायको गेली. मग लेकीच्या वेण्या काका घालायचे. एक दिवस शाळेतून निरोप आला, मुलीच्या केसांना डिझेलचा वास येतो. काका दुसऱ्या दिवसापासून मोजे घालून काम करू लागले. गॅरेजमधल्या बाकीच्यांना वाटतं की मोजे सुरक्षिततेसाठी आहेत.

ते एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर राहतात. दोन खोल्या. बाहेरून लोखंडी जिना. लेक लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. औषधांच्या दुकानात काम करते. संध्याकाळी घरी जाताना ती आधी वडिलांकडे डोकावते. जिन्यावर तिची पावलं वाजली की काका आधण ठेवतात. दिवसभरात ते दोनच गोष्टी कान देऊन ऐकत असावेत. गाडीखाली लोखंडाचा आवाज आणि घरी जिन्याचा.

जावई बुटांच्या दुकानात होता. सासऱ्याला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि उठता उठता म्हणाला, "तुम्ही एक नंबर लहान बूट घालता." काकांना तो तेव्हाच आवडला. मग ते दुकान बंद पडलं. जावई घरी बसला. त्याचा मोठा भाऊ लांबच्या शहरात असतो. आगगाडीने जायला रात्र आणि दिवस लागतो. भावाचा तिकडे मालवाहतुकीचा धंदा आहे. त्याचा फोन यायचा, "दोघं इकडे या. इथे काम पडलंय."

काकांनी आमच्या मालकांना गाठलं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी कधी शब्द टाकला नव्हता. जावयासाठी टाकला.

"तुमच्या हाताखाली शिकू दे," मालक म्हणाले. "जमलं तर ठेवून घेऊ."

जमलं तर लेक इथे. नाही जमलं तर लेक एक रात्र आणि एक दिवस लांब. हे काकांनी मला एकदाच सांगितलं. डब्याचं झाकण लावता लावता. पुढे जे घडलं ते सगळं या भीतीतूनच घडलं, असं मला वाटतं.

जावई आला आणि काकांची भाषा बदलली.

"जावईबापू, तेवढा ब्रश देता का?"

"काका, ब्रश मागताय की सोयरीक जुळवताय?" मिस्त्री ओरडले.

सगळं गॅरेज हसलं. जावईही हसला. त्या दिवसापासून तो सगळ्यांचाच जावईबापू झाला. रंगारी त्याला उठून जागा द्यायचा. मिस्त्री त्याला पाना देताना दोन्ही हातांनी द्यायचे. तो ओठ मिटून हसायचा आणि काम करायचा. हात नीटस होते त्याचे. गाडीच्या तळाचं प्लास्टिकचं आवरण काढलं की त्याचे स्क्रू तो वाटीत जोडीजोडीने ठेवायचा, बुटांसारखे.

लेक कधी गॅरेजवर आली की कपाळाला हात लावायची. "मी त्याला अरे म्हणते आणि बाबा अहो म्हणतात," ती मला म्हणाली. "तो नक्की कुणाचा नवरा आहे तेच कळत नाही."

एकच गोष्ट त्याची बसत नव्हती. डावी घोडी. ती तो जरा तिरकी ठेवायचा. अगदी थोडी. मला ते कळलं नसतं, पण मी काकांकडे बघत होते. त्यांच्या भुवया वर जायच्या. मग ते थांबायचे. जावयाची पाठ फिरली की बुटाच्या टोकाने घोडी सरळ करायचे आणि शीळ घालायचे.

"सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"सांगेन गं."

"कधी?"

"जरा रुळू दे. जावई माणूस आहे. लागलं मनाला, उठून गेला, तर?"

"जॅक सोडा, हे तुम्ही त्याला सांगता. घोडी सरळ करा, एवढं सांगायला काय झालं?"

"ते सांगणं झालं. हे चूक काढणं झालं."

मिस्त्री चेष्टेखोर माणूस. पण एक दिवस ते गंभीर झाले. "काका, गाडीखाली अहो-जाहो बरं नाही. आम्ही कसं, 'सोड' म्हटलं की जॅक सोडला. तुमचं 'आपण जरा सोडता का' संपेपर्यंत गाडी भंगारात जाईल."

"मी कुठे एवढं लांबड लावतो? 'सोडा' म्हणतो. झालं."

"तेच ते."

"एका कान्याचा तर फरक आहे," काका म्हणाले.

ती लाल गाडी एका दंतवैद्य बाईंची होती. खराब रस्त्यावरून आली होती. तळाला चिखल, डांबर, कुठून कुठून अडकलेलं गवत. बाईंना ती संध्याकाळी हवी होती. दुपारनंतर त्यांचा फोन आला. मी फोन हातात घेऊनच विचारायला गेले.

मागची चाकं फळ्यांवर होती. ठोकळे लावलेले. किल्ली काकांच्या खिशात. पुढची बाजू जॅकवर वर उचललेली. दोन्ही घोड्या खाली सरकवून झाल्या होत्या. घोड्या आणि गाडी यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं. जावई जॅकचं हँडल धरून उभा होता. आता फक्त काकांनी सांगायचं, त्याने हँडल फिरवायचं आणि गाडीने घोड्यांवर बसायचं.

डावी घोडी तिरकी होती.

काकांनी ती पाहिली. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं. इथे जावयाची पाठ फिरण्याची शक्यता नव्हती. तो हँडल धरून समोरच होता. काकांनी एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग काही न बोलता ते खाली झोपले आणि एक खांदा, एक हात आणि डोकं आत घालून डावीकडे सरकले.

वजन बसलेलं नव्हतं. गाडी नुसती जॅकवर होती. मी ओरडायला हवं होतं. जे करतायत ते काका होते. काका चुकत नाहीत, असं मी धरून चालले होते.

त्यांनी घोडी सरळ केली. रबर गाडीच्या तळाला असलेल्या खाचेखाली आणलं. एवढं करून बाहेर यायचं, तर टॉर्चच्या उजेडात त्यांना वर काहीतरी दिसलं. बॅटरीच्या खालच्या लोखंडावर पांढरट हिरवा थर चढला होता. बॅटरीचं पाणी पाझरलं की असा थर येतो, आणि तो लोखंड खातो. त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावतात. सोड्याचा डबा भिंतीवरच्या फळीवर असतो. जावई त्या फळीशेजारीच उभा होता.

"अहो, सोडा..." काका म्हणाले.

त्याच क्षणी हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला. हवा कमी झाली की तो आपोआप सुरू होतो. त्याच्या घरघरीत पुढचा शब्द गेला. तो शब्द 'आणा' होता. हे आम्हाला नंतर कळलं.

आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ते येईपर्यंत जावयाने हँडल फिरवलं होतं.

गाडी खाली आली. फार नाही, चार बोटं. धप्प असा आवाज झाला. मग कॉम्प्रेसरची घरघर तेवढी राहिली. लाल गाडी घोड्यांवर बसली होती. काकांचे बूट बाहेर होते आणि ते हलत नव्हते.

जावयाचे दोन्ही हात हँडलवर तसेच होते.

"कुणी काही करू नका," काकांचा आवाज आला.

मिस्त्री धावले आणि त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला.

"बाही अडकलीय," काका म्हणाले. "घोडीत आणि गाडीत. हात मोकळा आहे. मिस्त्री, तू ये रे इकडे. जावईबापू, तुम्ही जरा बाजूला होता का?"

तेव्हाही 'होता का' म्हणाले.

मिस्त्रींनी जॅक उचलला. काका बाहेर आले. बाही फाटली होती, मनगट सोलवटलं होतं. चेहरा धुळीने पांढरा. ते एका पालथ्या बादलीवर बसले. कुणीतरी चहा दिला. तो बशीत, मांडीवर, बुटांवर सांडला. कपात थोडाच उरला.

"सोडा म्हणजे," ते फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तो डबा."

"तुम्ही सोडा म्हणालात," जावई म्हणाला.

"म्हणालो."

"मी सोडला."

"सोडलात."

एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की त्याला श्लेष म्हणतात. परीक्षेत मी त्याची उदाहरणं लिहिली होती. गमतीचा अलंकार, असं शिकवलं होतं. मिस्त्रींच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. कुणीही हसलं नाही.

डावी घोडी तिरकी राहिली असती तर ती निसटली असती. ती सरळ करायला काका आत गेले म्हणून अडकले, आणि सरळ केली म्हणून वाचले. मी हे मनात पुन्हा पुन्हा मांडून बघत होते. त्यातून काही निघत नव्हतं.

जावयाने फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं. ॲप्रन खुंटीला अडकवला आणि तो निघून गेला. माझ्या हातातल्या फोनमधून दंतवैद्य बाई "हॅलो? हॅलो?" म्हणत होत्या.

"गाडी उद्या मिळेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी काकांनी आणि मिस्त्रींनी पूर्ण केली. सोडा लावला, फेस आला, धुऊन काढला, वाळवला. सगळे नियम पाळले. काकांनी धक्का दिला तेव्हा गाडीशी बोलले मात्र नाहीत. जावई आला नव्हता.

मालक बाहेर आले. "काका, तुमच्या जिवावर बेतलं होतं. मी दुसरा माणूस बघू का? तुम्ही सांगाल तसं."

"थोडं थांबा," काका म्हणाले.

सुट्टी झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. मनगटाला पट्टी होती. "लायब्ररी, घरी येतेस? परकं माणूस असलं की लेक जरा कमी ओरडते."

"मी परकी?"

"आजच्यापुरती हो."

दोघं आधीच येऊन बसले होते. लेकीकडे वडिलांच्या घराची किल्ली असते. ती मोरीपाशी उभी होती आणि एक धुतलेला कप पुन्हा धूत होती. जावई टेबलाशी बसला होता. समोर फोन. तिने सगळ्यांना चहा दिला.

"बाबा," जावई म्हणाला, "मी दादाशी बोललो. पुढच्या महिन्यात येतो म्हणून सांगितलं."

काकांनी मान हलवली. "बरं."

"बरं?" लेक वळली. "बाबा, बरं? एवढंच?"

"तुम्ही दोघांनी ठरवलं असेल, तर मी मध्ये काय..."

"तुम्हाला राग नाही आला? काल काय झालं असतं कळतंय ना तुम्हाला? मला मिस्त्रींच्या तोंडून कळतं. तुम्ही मला सांगता, बाही फाटली म्हणून!"

"फाटलीच आहे. आणि राग कशाचा? चूक माझी होती. मी आत जायला नको होतं."

"बघितलंस?" जावई तिला म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "हेच. हेच मी तुला सांगत होतो. मी घोडी ठेवली की हे पायाने सरकवतात. मी पुसलं की पुन्हा पुसतात. माझी पाठ फिरली की. मला काय दिसत नाही? दुकानात मी असाच वागायचो. गिऱ्हाईक नको तो बूट घालून आरशासमोर उभं राहायचं. मी म्हणायचो, छान दिसतोय साहेब. आणि मनात म्हणायचो, कधी जातोय हा. तुमच्याकडे मी गिऱ्हाईक आहे, बाबा. छान दिसतोय म्हणता, आणि वाट बघता."

"गिऱ्हाईक?" काका म्हणाले.

"नाहीतर काय?"

"गिऱ्हाईक?" काका उठले. खुर्ची मागे पडली. "अरे गाढवा!"

लेकीच्या हातातला कप तिथेच थांबला. जावई हबकून बघायला लागला.

"डावी घोडी तिरकी ठेवतोस! दर वेळी! उजवी बरोबर बसते, मग डावीकडे काय साप चावतो तुला? ठोकळे पायाने लोटतोस. हाताने लावायचे असतात ते, वाकून, चाकाला चिकटवून! आणि हँडल! काय सांगितलं होतं, सोडण्याआधी खाली बघायचं. आवाज कानावर पडला की फिरवलं? डोळे कुठे होते? जन्मभर लोकांचे बूट बघितलेस, सासऱ्याचे दिसले नाहीत?"

खालून घड्याळवाल्यांनी छताला काठीने ठोकलं.

जावई उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता हा जिना उतरणार.

"आणि तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही आत गेलातच कशाला? वजन बसल्याशिवाय बोट घालायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं?"

"घोडी तिरकी होती म्हणून गेलो!"

"मग तोंडाने बोलायचं! मी काय बहिरा आहे?"

"बोललो असतो आणि तू उठून गेला असतास तर?"

"न बोलता काय झालं? जातोच आहे ना मी!"

लेक एकदा वडिलांकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती. तिने नळ बंद केला.

"मला रात्रभर झोप नाही," जावई म्हणाला. आवाज उतरला होता. "डोळे मिटले की तुमचे बूट दिसतात. न हलणारे. तुम्ही मेला असतात, बाबा. माझ्या हाताने. आणि तुम्ही बादलीवर बसून म्हणता, सोडलात. सोडलात! तेव्हाच एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं मला."

"आता मारू?" काका म्हणाले.

लेकीला हसू फुटलं. तिने ते पदराने झाकलं, मग डोळेही पुसले. काका खाली बसले. पडलेली खुर्ची मी उचलून दिली नसती तर जमिनीवरच बसले असते.

मग जावई खालच्या आवाजात म्हणाला, "डावीकडची खाच मला दिसत नाही."

"काय?"

"टॉर्च तुमच्याकडे असतो. तुम्ही उजवीकडे उभे राहता. उजेड उजवीकडे पडतो. डावीकडे मी अंदाजाने ठेवतो."

काकांनी विचार केला. स्वतःचा उजवा हात बघितला, जणू त्यात टॉर्च होता. "मग मागायचास की टॉर्च."

"कसा मागू? तुम्ही मला ब्रश मागता तेव्हा देता का म्हणता. मी टॉर्च कसा मागू?"

"गाडीखाली असं नाही चालत," काका म्हणाले. "तिथे मागून घ्यायचं."

"हे मी सांगतोय का तुम्ही?"

काकांनी चहाचा ट्रे ओढला. त्याच्यावरचे कप खाली काढले. दोन कप पालथे ठेवले आणि ट्रे त्यांच्यावर टेकवला. "ही गाडी. ही उजवी घोडी. आता दाखव, तू कुठे उभा राहतोस?"

"इथे. जॅकपाशी."

"चूक. इथून तुला आतला माणूस दिसणारच नाही."

"तुम्हीच उभं केलंत इथे!"

"तेही चूक. सरक तिकडे."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. काचेवर 'दादा' असं नाव उमटलं. तिघांनी ते वाचलं. काकांचा हात ट्रेवर होता. तो तिथेच राहिला. त्यांनी वर बघितलं नाही.

लेकीने फोन उचलला आणि नवऱ्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. तो ट्रेखाली वाकून बघत होता.

"तू बोल," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"बाबा, तुमचा कप चुकीच्या जागी आहे. खाच इतकी पुढे नसते."

"असते. मी एवढी वर्षं तळ बघतोय."

"या गाडीला नसते. लाल गाडीला मागे होती. मी हात लावून बघितलीय."

"अरे, काय सांगू त्यांना?" लेक म्हणाली. फोन वाजतच होता.

"नाही येत म्हणून सांग. बाबा, ऐकून तरी घ्या आधी!"

काकांनी ट्रेवरचा हात काढला.

"ऐकतोय," ते म्हणाले. "बोल."